वेस्टर्न पेंटिंगमधला घोडा मोठ्या ब्रॉन्झमध्ये कसा उभा करायचा

आधी एक घोळ मिटवते. वेस्टर्न पेंटिंग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पाश्चात्य चित्रकला वाटते, रेम्ब्रां, मोने वगैरे. अमेरिकेत वेस्टर्न म्हणजे काऊबॉय, घोडे, लांब शिंगांची गुरं, मैदानी मुलखातले नेटिव्ह अमेरिकन स्वार, कॅनव्हासच्या छताच्या गाड्या, थोडक्यात मिसिसिपीच्या पलीकडच्या प्रदेशाची चित्रं. मी जे.जे.ला शिल्पकला शिकले आणि आता बरीच वर्षं कोलोरॅडोत लव्हलँडला आहे, हे गाव ब्रॉन्झच्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, ओळखलं जातं, आणि माझं काम मुख्यतः छोट्या मॉडेलवरनं मोठं करणं आणि शेवटचं मेटल फिनिशिंग. अधूनमधून कोणीतरी एखाद्या चित्राचा फोटो घेऊन येतं आणि विचारतं की याचं दहा-बारा फुटी ब्रॉन्झ होईल का. होतं. पण कसं होतं हे आधी माहीत असलं तर पैसे, वेळ आणि मनस्ताप सगळंच वाचतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. शिल्पकलेच्या मुलांना उपयोग होईलच, पण ज्यांना काम करून घ्यायचंय त्यांनीही वाचावं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगते. चित्रातल्या घोड्याला स्वतःचं वजन पेलायचं नसतं. चित्रकार चारही पाय हवेत दाखवून मोकळा होतो, खाली थोडी धूळ रंगवली की झालं. ब्रॉन्झचा घोडा मात्र कुठेतरी जमिनीला टेकावाच लागतो आणि सगळा भार तिथनं खाली जावा लागतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात समोर येतो.

रेमिंग्टनकडनं काय शिकायचं

हे काम शिकायचं तर फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१ ते १९०९) बघायचा, कारण तो आधी इलस्ट्रेटर आणि पेंटर होता आणि शिल्पाकडे नंतर वळला, म्हणजे चित्रातनं ब्रॉन्झमध्ये जाताना काय काय होतं ते एकाच माणसाच्या कामात दिसतं. १८८८ मध्ये सेंच्युरी मासिकात त्याचं एक चित्र आलं होतं, बंदुका उडवत शहरात घुसणाऱ्या मस्तवाल काऊबॉइजचं. चौदा वर्षांनी, १९०२ मध्ये, तीच कल्पना त्यानं ब्रॉन्झमध्ये आणली, 'कमिंग थ्रू द राय', चार घोडे चार स्वार एकमेकांना खेटून. उंची साधारण अडीच फूट. सोळा खुरांपैकी जेमतेम पाच-सहा जमिनीला टेकलेत, आणि एक घोडा तर पूर्णच हवेत आहे, शेजारच्या घोड्याला जोडून तोललेला. चित्रात हे घोडे नुसते शेजारी होते, ब्रॉन्झमध्ये ते एकमेकांना धरून आहेत! हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम समजलं असं माझं मत. पुढे १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात याच शिल्पाची अवाढव्य प्रत उभी केली होती, पण ती प्लास्टरसारख्या तात्पुरत्या मालाची होती.

दुसरं उदाहरण 'स्टॅम्पीड'. १९०८ चं पेंटिंग आहे, टल्साच्या गिलक्रीज म्युझियमच्या संग्रहातलं, रात्र, पाऊस, वीज, बिथरून उधळलेली गुरं आणि त्यांच्याबरोबर भरधाव निघालेला स्वार. पुढच्याच वर्षी त्यानं तोच विषय शिल्पासाठी मॉडेल केला आणि त्याच्या मृत्यूनंतर ते ओतलं गेलं. चित्रातली भीती विजेच्या हिरवट उजेडात आहे. ब्रॉन्झला ना वीज दाखवता येते ना पाऊस, त्यामुळे तिथे भीती गुरांच्या दाटीत आणलीय, स्वार त्या दाटीत अडकलाय. म्हणजे चित्र जसंच्या तसं उचलता येत नाही, त्यातली मुख्य गोष्ट कुठली ते शोधून ती घनरूपात नव्यानं सांगावी लागते.

पायरी १: चित्र वापरायचा हक्क

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात आधी. चित्रावरनं शिल्प करणं म्हणजे कायद्याच्या भाषेत मूळ कृतीवर आधारलेली नवी कृती, आणि चित्र कॉपीराइटमध्ये असेल तर चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी लागते. पेंटिंग विकत घेतलं म्हणजे हा हक्क आपोआप मिळत नाही, इथे खूप लोक फसतात. भिंतीवर मूळ चित्र लावलेलं असतं, म्हणून वाटतं आपलंच आहे. अमेरिकेत निदान १९२९ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली चित्रं आता खुली आहेत, रेमिंग्टनची प्रकाशित चित्रं त्यातच आली. हयात चित्रकार असेल तर करारात आकार, किती प्रती काढायच्या, छोटी मॅकेटं (मोठ्या शिल्पाआधीची नमुना मॉडेलं) विकायची का, पाटीवर नाव कसं जायचं, आणि मॉडेल मंजूर करायचा अधिकार कोणाकडे, एवढं तरी लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण चित्रकाराला मागची बाजू कधी सुचलेलीच नसते आणि ती बघून तो दचकतो.

पायरी २: चित्र वाचणं

चित्राचा मोठा प्रिंट काढा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर टाका. पहिली रेघ क्षितिजाची, म्हणजे चित्रकाराच्या डोळ्याची पातळी. ती स्वाराच्या छातीशी असेल तर चित्रकार जणू दुसऱ्या घोड्यावर बसून बघतोय, आणि तुमचा पुतळा मात्र चौथऱ्यावर जाणार, लोक खालनं बघणार. खालनं बघताना घोड्याचं पोट, हनुवटीची खालची बाजू, रिकिबीचा तळवा दिसतो, आणि समोरनं गेलं तर घोड्याची मान आणि डोकं स्वाराच्या चेहऱ्याच्या आड येतं. ही गोष्ट आता सुटली तर पुढे बारा फुटांवर सुधारता येत नाही.

मग घोड्याचं डोकं मोजा. घोड्याच्या मापात डोक्याची लांबी हे एकक धरतात, धड साधारण अडीच डोकी लांब असतं. चित्रात घोडा तिरका येत असेल तर ही लांबी आखडलेली दिसेल, त्यावरनं तो किती अंशात वळलाय याचा अंदाज लागतो. गुराख्यांचा काऊ पोनी लहान चणीचा, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापाशी चौदा-पंधरा हात, इथे हात म्हणजे ४ इंच, म्हणजे पावणेपाच-पाच फुटांच्या आसपास. आपल्या डोक्यात शर्यतीचा उंच घोडा बसलेला असतो, तो इथे चालत नाही, स्वाराचे पाय त्याच्या पोटाखाली लोंबताना दिसले पाहिजेत.

चाल तपासा. जुन्या चित्रांत धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवायची पद्धत होती. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले आणि कळलं की घोडा पूर्ण हवेत असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. तुमच्या चित्रात जुनी ताणलेली पोज असेल तर ठरवावं लागेल, ती तशीच ठेवायची की दुरुस्त करायची. मी दुरुस्त करते. सपाट चित्रात ती पोज खपून जाते, पण घनरूपात चहूबाजूंनी बघताना लाकडी झुलत्या घोड्यासारखी दिसते.

सावल्यांचंही तसंच. चित्रकारानं रंगवलेली सावली म्हणजे आकार नव्हे, ती त्या क्षणाचा उजेड आहे. तुमच्या पुतळ्यावर सकाळ-संध्याकाळ वेगळा उजेड पडणार. चित्रात काळोखात गेलेला भाग, समजा पलीकडचा पाय किंवा टोपीखालचा चेहरा, तुम्हाला पूर्ण मॉडेल करायचाच आहे.

पायरी ३: न दिसणारी बाजू

माझ्या मते खरं शिल्प इथे होतं. चित्र एक बाजू देतं, बाकीच्या सगळ्या तुम्ही शोधायच्या, आणि त्या अंदाजानं नाही तर माहिती काढून. खोगीर घ्या. टेक्सासकडच्या खोगिराला दोन तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालनं आवळायचे पट्टे, असत, पुढे एक आणि मागे एक, कारण ते दोराचं टोक खोगिराच्या खुंटीला पक्कं बांधत आणि बैल हिसका द्यायचा तेव्हा खोगीर पुढनं खाली ओढलं जाऊन मागनं उचलायला नको. कॅलिफोर्नियाकडे एकच तंग मधोमध, ते दोर खुंटीभोवती गुंडाळून सैल सोडत जात. आता चित्रात डाव्या बाजूनं दोन तंग दिसत असतील तर उजवीकडेही दोनच यायला हवेत, दोर बांधायची पद्धतही टेक्सासचीच हवी. इथले लोक, विशेषतः ज्यांचे आजोबा रँचवर होते ते, हे बरोब्बर बघतात. दोराचं वेटोळं बहुतेक उजव्या बाजूला असतं, माणूस डावीकडनं घोड्यावर चढतो. स्पर (टाचेची आर), चॅप्स (पँटवरनं घालायचं चामड्याचं आवरण), रुमालाची गाठ, सगळ्याचे जुने फोटो आणि म्युझियममधल्या वस्तू बघा. एका खऱ्या घोड्यावर एका माणसाला बसवून चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या, वाकताना शर्ट पाठीवर कुठे ताणला जातो ते कुठल्याही चित्रात मिळणार नाही.

रेमिंग्टननं फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमधल्या १९०८ च्या 'काऊबॉय' पुतळ्यासाठी, त्याचं हे एकमेव मोठं शिल्प, जागा स्वतः निवडली आणि स्वाराला घोड्यासकट त्या खडकाच्या कड्यावर उभं करून पोज बघितली. जागेवर जाऊन बघायचा हा धडा फुकट आहे, घ्यावा.

पायरी ४: मॅकेट

आता मातीत हात. जाड फळी, तिला लोखंडी पाइप आणि फ्लँज, पाइपवर ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, त्यावर तेलाची माती. पाण्याची माती वाळते, तडकते, आणि हे काम महिनोन् महिने चालतं, म्हणून तेलाचीच. पुढचा हिशोब सोपा जावा म्हणून मी इथे एक उदाहरण धरते, स्वारासकट १६ इंच उंचीचं मॅकेट. आधी फक्त मोठे आकार, छाती, पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग), स्वाराचं धड, यांचे तीन-चार ठोकळे आणि त्यांचा कल. मग मॅकेट फिरत्या टेबलावर ठेवून चित्रकाराच्या जागेवरनं फोटो घ्या, शक्यतो लांबून झूम करून, आणि प्रिंटशी ताडून बघा. तो कोन जुळला की लगेच ४५ अंश फिरवा. तिथे बहुतेक वेळा गडबड दिसते, घोडा चपटा असतो, स्वार एका बाजूला कललेला. चित्राचा कोन आणि बाकीचे कोन यांची ओढाताण होते तेव्हा मी चित्राच्या कोनाला थोडं सोडते, कारण पार्कमध्ये येणारा माणूस नेमका त्या एका जागी उभा राहणार नाहीये.

केस, लोकर, चामड्याच्या सुरकुत्या यात आत्ताच शिरू नका. चित्रातला ब्रशचा फटकारा मातीत कसा आणायचा हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. बोटाचा आणि टूलचा ठसा ठेवा, आयाळ आणि शेपटीत तो शोभतो, पण खुरांशी, सांध्यांशी आणि चेहऱ्यावर आकार घट्ट हवा.

पायरी ५: तोल

मॅकेट पाइपवरनं उतरवलं असं समजा आणि विचारा, हे कशावर उभं राहील? जमिनीला टेकणारे बिंदू कागदावर मांडा, आणि वजनाचा मध्य त्यांच्या मधोमध येतो का बघा. दोनच खूर टेकत असतील तर रस्ते आहेत. वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकातला क्लार्क मिल्सच्या १८५३ च्या अँड्र्यू जॅक्सन पुतळ्यातला घोडा फक्त मागच्या दोन पायांवर तोललाय, मागचं अंग जड ठेवून आणि पुढचं हलकं. त्याच्याही आधी माद्रिदमध्ये पिएत्रो टाक्कानं १६४० मध्ये चौथ्या फिलिपचा पुतळा पुरा केला, आणि त्याची पोज चित्रांवरनंच ठरली होती, राजाला घोडा मागच्या पायांवर उभारलेलाच हवा होता! तिथे दोन पाय आणि शेपटी मिळून भार घेतात, आणि गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं परंपरेनं सांगतात.

वेस्टर्न विषयात आधार लपवायला जागा भरपूर आहे. सेजब्रशचं झुडूप, निवडुंग, खडक, नदी ओलांडायची असेल तर पाण्याचा उसळलेला पडदा, गुरांची दाटी. मी शक्यतो चित्रातलीच गोष्ट वापरते, कोपऱ्यात रंगवलेलं झुडूप दोन फूट सरकवून पोटाखाली आणलं की कोणाला उपरं वाटत नाही. उंच खांबासारखा आधार पोटाखाली घालणं टाळा, तो सगळ्यात आधी नजरेत येतो.

यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर. आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा किती जाडीचा, पायातनं खाली कसा जायचा, वारा किती धरायचा, हे त्यानंच सांगायचं. मुलं पुतळ्यावर चढतात, घोड्याच्या मानेला लोंबकळतात, तो भारही त्याला सांगा.

पायरी ६: आकार आणि वजन

मोकळ्या जागेत माणसाएवढा पुतळा लहान दिसतो, हे नवीन लोकांना पटत नाही. खात्री करायची तर प्लायवूडची बाह्याकृती कापून जागेवर उभी करा, एका दुपारचं काम आहे. बहुतेक वेळा सव्वापट ते दीडपट घेतात. आपला काऊ पोनी आणि स्वार टोपीपर्यंत आठ फुटांच्या आसपास, दीडपट म्हणजे १२ फूट. १६ इंची मॅकेटपासून हे ९ पट झालं. लांबी ९ पट, पृष्ठभाग ८१ पट, आणि घनफळ ७२९ पट. मॅकेटवरची १ मिलिमीटरची चूक इथे ९ मिलिमीटर होणार, एका डोळ्याची जागा चुकली तर घोडा तिरळा दिसणार.

ब्रॉन्झ पोकळ असतं, भिंत साधारण ६ मिलिमीटर. एका चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास धातू बसतो. माणसाएवढ्या घोडेस्वाराचा पृष्ठभाग खोगिरासकट ९ चौरस मीटर धरला तर साडेचारशे किलो, दीडपटीला २० चौरस मीटर, म्हणजे एक टन, शिवाय आतलं स्टील वेगळं. फाउंड्रीचं कोटेशनही या पृष्ठभागावर आणि तपशिलावर ठरतं, नुसत्या उंचीवर नाही. झालरीचे चॅप्स घातलेला स्वार साध्या पँटवाल्यापेक्षा महाग पडतो.

पायरी ७: मोठं करणं

पूर्वी हे पॉइंटिंग मशीननं, म्हणजे मॉडेलवरचे बिंदू मोजत मोजत मोठ्या सांगाड्यावर न्यायचे. आता मॅकेटचा थ्रीडी स्कॅन करतात, मशीन फोमचे ठोकळे कापून देतं, ते जोडायचे आणि वर अर्धा-पाऊण इंच मातीचा थर. स्कॅन करून मोठं करताना लक्षात ठेवा की मेण आणि धातू दोन्ही आकसतात, मिळून दोन-तीन टक्के. बारा फुटांवर हे साडेतीन इंच होतं. करारात उंची लिहिलेली असेल तर फोमच तेवढा मोठा कापायचा.

मशीननं दिलेलं शिल्प झालं असं समजू नका. ९ पट मोठं केलं की मॅकेटवरचा अंगठ्याचा ठसा परातीएवढा होतो आणि तो आता घोड्याचा स्नायू वाटत नाही, नुसता खड्डा वाटतो. सगळा पृष्ठभाग हातानं पुन्हा करायचा. खालनं बघून करायचा, त्यासाठी मी मॉडेल चौथऱ्याच्या उंचीवर चढवून घेते, मचाण लावून काम आणि दर तासाला खाली उतरून लांबनं बघणं. स्वाराचं डोकं थोडं मोठं आणि थोडं पुढे झुकलेलं घ्यावं लागतं, नाहीतर खालनं टाचणीच्या डोक्यासारखं दिसतं. इथे दोन-तीन महिने सहज जातात आणि घाई करू नये, कारण यानंतर आकार बदलायची शेवटची संधी संपते.

पायरी ८: साचा, मेण, ओतकाम

हा भाग फाउंड्रीचा आहे, पण तुम्ही तिथे हजर असायला हवं. मोठं मॉडेल तुकड्यांत विभागतात आणि प्रत्येकावर रबराचे तीन-चार थर, वर फायबरग्लासचं किंवा प्लास्टरचं कवच. तुकड्यांचे सांधे कुठे येणार ते शिल्पकारानं ठरवावं. मी सुरुवातीला एका कामात हे दुसऱ्यांवर सोडलं होतं, सांधा घोड्याच्या गालफडावरनं गेला, आणि वेल्डिंगनंतर तिथली नाजूक शीर परत आणायला मला तीन दिवस ग्राइंडर घेऊन बसावं लागलं. तेव्हापासून मी सांध्याच्या रेघा स्वतः मार्करनं काढते, पट्ट्याच्या कडेला, खोगिराच्या किनारीला, आयाळीच्या बुडाशी, जिथे आकार आपोआप तुटतो तिथे.

रबराच्या साच्यात वितळलेलं मेण फिरवून पोकळ मेणप्रत काढतात, भिंतीची जाडी इथेच ठरते. मेणाचा प्रत्येक तुकडा हातात घेऊन तपासा, बुडबुडे भरा, रेघा पुसा. मेणात पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती धातूत अर्धा दिवस खाते. मग धातू आत जायला आणि हवा बाहेर यायला मेणाच्या नळ्या जोडतात, आणि सगळं सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवून वर बारीक रेती, वाळवायचं, परत बुडवायचं, असे सात ते दहा थर. भट्टीत झटकन तापवलं की मेण वितळून बाहेर पडतं आणि कवच पक्कं होतं. आपल्याकडे हीच कल्पना मधूच्छिष्ट विधान म्हणून बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात आलेली आहे, फक्त तिथे कवच मातीचं.

मेणाच्या वजनाच्या दहापट धातू, हा भट्टीवरचा चालता हिशोब. इथे बहुतेक सिलिकॉन ब्रॉन्झ वापरतात, सुमारे ९५ टक्के तांबं, ४ टक्के सिलिकॉन, थोडं मँगनीज, ओततात ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास. ओताच्या दिवशी मूस, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, उचलताना सगळे गप्प असतात. कवच गरम आणि कोरडं पाहिजे, पाण्याचा थेंब अडकला तर वाफ होऊन धातू उडतो. तुम्ही फक्त बघायला गेलात तरी चामड्याचे बूट, सुती कपडे, चेहऱ्याला शिल्ड. नायलॉन अजिबात नको.

एका ओतीत अख्खा घोडा ओतायचे दिवस जवळजवळ गेले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकरांनी मुंबईला माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतून घेतला होता, मी त्याच्याबद्दल इथल्या फाउंड्रीवाल्यांना सांगते तेव्हा ते आधी दोनदा विचारतात.

पायरी ९: जोडणी आणि चेसिंग

कवच फोडलं, सँडब्लास्ट केलं, नळ्या कापल्या, की समोर तीस-चाळीस तुकड्यांचं कोडं असतं. खालनं वर जोडत जायचं, आधी बेस आणि पाय, त्यात स्टेनलेसचा सांगाडा, मग धड, शेवटी स्वार. वेल्डिंगची कांडी त्याच मिश्रधातूची घ्यायची, नाहीतर पॅटिना, म्हणजे रसायनांनी धातूवर आणलेला रंग, लावल्यावर सांध्याची रेघ वेगळ्या रंगाची उठून दिसते. उष्णतेनं तुकडे ओढले जातात म्हणून आधी सगळीकडे वेल्डचे ठिपके मारायचे, माप घ्यायचं, मग पूर्ण वेल्ड. लगाम आणि दोर ओतून घेऊ नका. लगामाला ब्रॉन्झची पट्टी वाकवून घ्या, दोराला बारीक सळया पिळून घ्या. ओतलेला बारीक दोर पहिल्यांदा कोणी ओढला की तुटतो.

मग चेसिंग, म्हणजे सांध्यावर हरवलेला पृष्ठभाग छोट्या ग्राइंडरनं, छिन्नीनं परत आणणं. हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे थोडं हक्कानं सांगते, सांधा गुळगुळीत केला म्हणजे तो लपला असं होत नाही. आजूबाजूला टूलचे ठसे असतील तर सांध्यावरही तसलेच ठसे त्याच दिशेनं यायला हवेत, नाहीतर उन्हात ती गुळगुळीत पट्टी आरशासारखी चमकते.

पायरी १०: पॅटिना

चित्र रंगीत होतं म्हणून पुतळाही रंगीत करायचा मोह होतो. फेरिक नायट्रेटनं तपकिरी ते तांबूस, क्युप्रिक नायट्रेटनं हिरवा-निळा, लिव्हर ऑफ सल्फरनं काळपट, टॉर्चनं धातू तापवून ब्रशनं किंवा स्प्रेनं मारतात, घोडा बादामी, रुमाल लाल, आकाशी शर्ट सगळं करता येतं. मी नको म्हणते. चित्राचे रंग बघू नका, त्यातला गडद-फिका बघा. ग्राहकानं रंगीतच मागितलं तर पटवायचा प्रयत्न करते, कारण बाहेर ऊन-पावसात हे रंग एकसारखे जुने होत नाहीत. एकच उबदार तपकिरी, खोलगट भागात गडद आणि उंचवट्यावर थोडी घासून उजळ, म्हणजे चित्रकारानं सावलीनं जे केलं ते खरा सूर्य करेल. धातू गरम असतानाच मेणाचा पहिला हात.

पायरी ११: बसवणं आणि सांभाळणं

पाया थंडीत जमीन गोठते त्या खोलीच्या खाली जायला हवा, इथे तो तीन फुटांच्या आसपास. ब्रॉन्झ साध्या लोखंडाला थेट टेकू द्यायचं नाही, ओल आली की लोखंड गंजून जातं, बोल्ट स्टेनलेसचे. क्रेनसाठी उचलायचे हुक वेल्डिंगच्या वेळीच आत ठेवा, पट्टे घोड्याच्या पोटावरनं घातले तर पॅटिना सोलून निघते. ट्रकवर घोडा किती उंच होतो ते आधी मोजा, रस्त्यात पूल असतात. गरज असेल तर स्वार वेगळा न्यायचा आणि खोगिराच्या रेघेवर जागेवरच जोडायचा.

वर्षातनं एकदा, शक्य तर दोनदा, साध्या साबणानं धुवायचं, मऊ ब्रश, पूर्ण वाळू द्यायचं, मग मेणाची पेस्ट लावून कापडानं पुसायचं. पक्ष्यांची घाण लगेच काढायची. आणि प्रत्येक टेकलेल्या खुराच्या तळाशी पाणी जायला भोक ठेवलेलं असतं, ते विसरू नका. मी एका गावात बघितलंय, कोणीतरी बेस नीट दिसावा म्हणून ती भोकं सिमेंटनं बुजवली होती, आतल्या भिंतीवर दव जमून पाणी पायात उतरलं, हिवाळ्यात गोठलं आणि खुराच्या वरचा सांधा उभा चिरला. दर ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, एक तार घेऊन प्रत्येक भोकात घालून बघायची, पलीकडे निघते ना ते.